मायकापाम्पाच्या काडेपेट्या

कोचाबांबाच्या खोऱ्यात कुणाच्याही घरून रिकाम्या हातानं निघून दाखवा, मी मिशी उतरवून देईन. पोट फुटेस्तोवर जेवू घालतील, वर चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, दोन वाडगे पाजतील, आणि उठता उठता पिशवीत काहीतरी कोंबतीलच. बटाटे म्हणू नका, मक्याची कणसं म्हणू नका, काही नाही तर जिवंत कोंबडी. पाहुणा हलक्या पिशवीनं परतला तर घराची अब्रूच गेली म्हणायची. याच चांगल्या चालीनं डॉक्टर एदेल्मिरा तेर्रासास यांचा घात केला, आणि तोसुद्धा इतक्या मायेनं, की बावीस वर्षं बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

एदेल्मिराबाई विन्चुकांच्या डॉक्टर. विन्चुका म्हणजे आपल्या ढेकणाचा थोरला भाऊ समजा. दिवसभर मातीच्या भिंतीच्या फटीत दडून बसायचं, रात्री निजलेल्या माणसाचं रक्त प्यायचं, आणि मेजवानी झाली की तिथंच घाण करून निघून जायचं. त्या घाणीतून चागासचा रोग अंगात शिरतो. पंधरा-वीस वर्षं गप्प बसतो आणि माणूस सगळं विसरला की त्याचं काळीज पोखरतो. बाईंचे वडील त्यानंच गेले. तेव्हापासून बाई या किड्याच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. लग्न राहिलं, पोरंबाळं राहिली, पण किडा काही सुटला नाही.

आता शास्त्रज्ञांच्या दुनियेत माणसाचं वजन एकाच तराजूत होतं. तुमच्या लेखाचा हवाला आणखी किती जणांनी आपापल्या लेखात दिला, तेवढं तुमचं वजन. बाईंनी आयुष्यात साठेक लेख लिहिले. त्यातल्या एकाला सोडून बाकीच्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. पण तो एक लेख असा काही धावला, की ब्राझीलपासून मेक्सिकोपर्यंत ज्यानं म्हणून विन्चुकेवर लेखणी उचलली त्याला बाईंचं नाव घेतल्यावाचून पुढं जाता येईना. लेखात एवढंच म्हटलं होतं, की घरात औषध फवारलं तरी वर्षाच्या आत विन्चुका निजायच्या खोलीत परत येतात. पुरावा होता मायकापाम्पा गावचा. त्याच्या जोरावर सरकारनं हुकूम काढला होता, की दरवर्षी निजायच्या खोल्या फवारायच्या.

हवाले देणाऱ्यांत सर्वांत पुढं कोण, तर सुक्रे शहरचे डॉक्टर ग्वाल्बेर्तो इचासो. हा गृहस्थ बावीस वर्षं नेमानं बाईंना खोटं पाडत होता. त्याचं म्हणणं, फवारलेली खोली साफच राहते, किडा उरतो तो बाहेर कोंबड्यांच्या खुराड्यात. त्याच्या प्रत्येक लेखाची सुरुवात ठरलेली असे: ‘तेर्रासास यांच्या दाव्याच्या अगदी उलट.’ पण गंमत अशी, की या तराजूत शिवीचं आणि ओवीचं वजन सारखंच. त्यानं टीका केली की बाईंचा आकडा एकानं वर. बाई हसून म्हणायच्या, भांडू दे मेल्याला, तोंडात नाव तर माझंच आहे ना!

त्या वर्षी बाई पासष्टीला आल्या. निवृत्ती दारात उभी. विद्यापीठानं त्यांना सन्मानाचं प्राध्यापकपद दिलं, तर मरेपर्यंत प्रयोगशाळा त्यांची राहणार होती: दोन मोठ्या खोल्या, उन्हाची खिडकी, आणि बरण्यांतून पोसलेल्या हजारो विन्चुका. नाही दिलं, तर जागा दंतवैद्यकाच्या विभागाला जाणार. ते लोक टेप घेऊन खोल्या मोजूनही गेले होते. एकानं तर बाईंच्या टेबलाच्या जागी खुर्ची कशी बसेल ते बाईंसमोरच बघितलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आकडा भरभक्कम होता, समिती आकडाच बघते, म्हणून सगळे म्हणत होते, बाई, झालंच समजा. बाईंनीही ते झालंच समजलं. सत्काराचं आमंत्रण द्यायला त्या मायकापाम्पाला निघाल्या.

आमंत्रण द्यायचं होतं बासिलियाला. तीसेक वर्षांपूर्वी बासिलियाच्या नेलिदाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पोरीला हातावर घेऊन धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या त्या एदेल्मिराबाई. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्याकडे सख्ख्या बहिणीशी एकवेळ अबोला चालेल, कोमाद्रेशी चालत नाही. पण अलीकडे बाईंचे गुडघे धरले होते आणि गावाकडे जाणं पाच-सहा वर्षांत झालंच नव्हतं. बासिलियाच्या पेट्या मात्र मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर न चुकता शहरात पोचत.

या पेट्यांचंही सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. विन्चुका दिवसा सापडत नाही आणि डॉक्टरलोक रात्री खेड्यात राहत नाहीत. म्हणून बाईंनी गावातल्या बायकांना रिकाम्या काडेपेट्या वाटल्या होत्या. लाल टिकलीची पेटी निजायच्या खोलीची, निळ्या टिकलीची पेटी परसातल्या खुराड्याची. जिथं किडा दिसेल तिथला त्या पेटीत घालायचा. साधी, सुटसुटीत रीत. आणि पहिल्याच वर्षी बायका जेव्हा बटाट्याची पोती घेऊन पुढं आल्या, तेव्हा बाईंनी हात जोडून सांगितलं होतं, की मला बटाटे नकोत, कोंबडी नको, द्यायचंच असेल तर विन्चुका द्या. आता याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण तेव्हा कुणाला ठाऊक!

बासिलियाच्या वळणावर उतरल्यावर बाईंना आधी वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. मातीच्या घराच्या जागी विटांचं घर उभं होतं, कौलारू, पिस्त्याच्या रंगाचं. नेलिदा स्पेनमध्ये म्हातारी माणसं सांभाळते, तिच्या कमाईचं घर. जुन्यातलं राहिलं होतं ते परसातलं सावलीचं झाड आणि त्याखालचं मातीचं खुराडं. बासिलियानं बाईंना पोटाशी धरलं, रडून घेतलं, गुडघ्यांना नावं ठेवली, आणि उकडलेला मका, ताजं चीज, झणझणीत चटणी असं समोर मांडलं. चिचाचा पहिला थेंब दोघींनी भूमातेला सांडला आणि मग पोटभर गप्पा झाल्या. सत्काराचं ऐकून बासिलिया इतकी हरखली, की नवा घागरा कुठल्या रंगाचा शिवायचा इथवर तिची मजल गेली.

निघताना रिवाजाप्रमाणे ती आत गेली आणि काडेपेटी घेऊन आली. लाल टिकलीची. आत दोन विन्चुका, चांगल्या टचटचीत.

बाईंचं तोंड सवयीनं फुललं. मिठी मारायला हात पसरले आणि तसेच राहिले. दार उघडं होतं, आतली निजायची खोली दिसत होती. गुळगुळीत गिलावा, सिमेंटची जमीन, कौलांखाली घट्ट बसवलेलं छत. बाई उठून आत गेल्या. भिंतीवरून तळवा फिरवला. पलंग ओढून मागं बघितलं. ज्या बाईनं आयुष्यभर फटी हुडकल्या तिला तिथं एक फट सापडेना.

“बासिलिया, या भिंतीत सुई शिरायची नाही. हे किडे कुठनं आले?”

“खोलीतनंच,” बासिलिया म्हणाली, पण बघत होती चुलीकडे.

“माझ्याकडे बघून सांग.”

बासिलियानं शालीच्या टोकाशी चाळा केला, मग मक्याच्या टोपलीवर फडकं टाकलं, मग ते काढलं. शेवटी म्हणाली, “खुराड्यातनं.”

“मग लाल पेटीत कशाला घातलेस?”

“अगं, निळी दिली की तू नुसतं ‘बरं’ म्हणायचीस आणि बाजूला ठेवायचीस. लाल दिली की मिठी मारायचीस.”

बाई पलंगावर बसल्या. खरं तर त्यांना विचारायचंच नव्हतं, पण शास्त्रज्ञाची जात, विचारल्याशिवाय राहवेना. हे याच वर्षी, की आधीपासून? बासिलियानं मग सगळं सांगून टाकलं. फवारा मारून गेल्यावर त्या पहिल्या वर्षी खोल्यांत औषधालासुद्धा विन्चुका उरली नव्हती. सगळा गाव खूश. पण डॉक्टरबाई आल्या, एकेक रिकामी पेटी उघडून बघायला लागल्या, आणि त्यांचं तोंड उतरत गेलं. एवढ्या लांबून आलेली बाई, बटाटे घेत नाही, कोंबडी घेत नाही, एक किडा मागते, तर तोही आपल्या घरात नाही? बायकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या खेपेला त्यांनी खुराड्यातले किडे लाल पेट्यांत भरले. ज्यांच्याकडे कोंबड्याच नव्हत्या त्या शेजारणीकडून उसने घेऊन गेल्या. शेजारच्या तेओदोसियानं तर बासिलियाचे उसने किडे बटाटे देऊन फेडले होते.

“तू बाप गेला म्हणून या कामाला लागलीस, हे सगळ्यांना माहीत होतं,” बासिलिया म्हणाली. “तुला रिकामी कशी धाडायची?”

बाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. मग उसन्या विन्चुका डोळ्यांपुढं आल्या आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. बासिलियाही हसायला लागली, कशाला ते तिला नीटसं कळलं नव्हतं, पण कोमाद्रे हसतेय म्हटल्यावर हसायला हवंच. हसता हसता बाईंच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि ते पाणी काही सगळं हसण्याचं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं तर भिडेनं आख्ख्या जगाला खोटं शिकवलं होतं.

परतीच्या मिनीबसमध्ये हसू ओसरलं. म्हणजे इचासो खरा. म्हणजे ज्या एका लेखावर आपलं नाव, आपला आकडा, आपली प्रयोगशाळा उभी, तो लेख म्हणजे मायकापाम्पाच्या बायकांचा पाहुणचार. बरं, कुणाला कळणार होतं? बासिलिया मेली तरी कुठं बोलणार नव्हती. समितीची बैठक महिन्यावर आली होती. ती होऊ द्यायची, खोल्या पदरात पाडून घ्यायच्या, मग सावकाश खरं सांगायचं. बाईंनी हा विचार अर्ध्या रस्त्यापर्यंत अगदी जपून आणला. पण फवारणीची टोळी पुढच्या पंधरवड्यात गावोगाव निघणार होती. ती पुन्हा सिमेंटच्या खोल्या धुणार आणि खुराडी तशीच सोडणार, कारण हुकमावर बाईंच्या लेखाचं नाव होतं. आणि खुराड्यात अंडी काढायला हात घालतात ती गावातली पोरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी सुक्रेला फोन लावला. बावीस वर्षांत दोघं एकमेकांशी लेखांतून सोडून कधी बोलले नव्हते.

“डॉक्टर इचासो, तुमचं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या, आणि पेट्यांची सगळी हकीकत सांगितली.

पलीकडे खुर्ची जोरानं करकरली. बाईंना वाटलं, म्हातारा आनंदानं कोसळला की काय. मग इचासो खाकरले आणि म्हणाले, “बाई, इतक्यात कुणाला बोलू नका.”

बाईंना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पण त्यांचं म्हणणं खरंच तसं होतं. त्यांच्याही नावावर जे काही होतं ते बाईंशी भांडून मिळवलेलं. भांडण मिटलं तर त्यांना तरी कोण विचारणार? दोघांचा संसार एकाच तंट्यावर चालला होता. शिवाय बाईंची बैठक तोंडावर. एक वर्षानं असं काय बिघडतंय, त्यांनी विचारलं.

“खुराड्यात पोरं हात घालतात, डॉक्टर. तुम्हीच लिहिलंय ते, दरवर्षी.”

मग इचासो निराळ्याच आवाजात म्हणाले, “म्हणजे तुम्ही माझे लेख वाचायचात?”

“एकूण एक. शिव्या देत, पण वाचायची.”

“मग लिहा बाई,” ते म्हणाले. “पण पहिल्यांदा वाचायला मला द्या. एवढी वर्षं वाट पाहिलीय, तेवढा मान माझा.”

बाईंनी ते चार दिवसांत लिहून काढलं. काही लपवलं नाही, कुणाला दोष दिला नाही. किडे खुराड्यातले होते, पेट्या लाल होत्या, आणि चूक मागणाऱ्याची होती, देणाऱ्याची नव्हे, कारण मागणाऱ्याच्या तोंडावर त्याला काय हवं ते लिहिलेलं होतं. लेखकांच्या नावांत स्वतःच्या नावापुढं बासिलियाचं आणि पेट्या भरणाऱ्या सगळ्या बायकांची नावं घातली. तेओदोसियाचं सुद्धा. ते कागद घेऊन त्या आरोग्यखात्यात जाऊन बसल्या, दोन दिवस हलल्या नाहीत, आणि टोळीच्या हुकमात खुराडी घालूनच उठल्या.

समितीची बैठक मात्र व्हायची तशी झाली. डीनसाहेब माणूस वाईट नाही, पण त्यांचा जीव आकड्यात. तो लेख वजा केला तर बाईंच्या पदरात काय उरतं याचा त्यांनी हिशेब मांडला, आणि मग अगदी कळवळून विचारलं, की बाई, महिनाभर थांबला असतात तर काय झालं असतं? बाई म्हणाल्या, फवारणीवाले थांबले नसते. पद मिळालं नाही. मोठ्या खोल्या दातवाल्यांना गेल्या, बाईंना जिन्याखालची एक खोली मिळाली, तीही मेहेरबानीनं. बरण्या निम्म्या बसल्या. निरोपाच्या दिवशी बाई घरी जाऊन रडल्या, पोटभर रडल्या, आणि मग झोपल्या, तर कितीतरी वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. जिन्याखालच्या खोलीत वरून दिवसभर दातांचं घरघर यंत्र ऐकू येतं. बाई म्हणतात, बरंय, विन्चुकांनाही थोडी दहशत हवीच.

वर्ष सरता सरता इचासोंचा नवा लेख छापून आला. बाईंनी चष्मा लावून पहिलं वाक्य वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ‘तेर्रासास आणि त्यांच्या कोमाद्रेंनी दाखवल्याप्रमाणे,’ असं त्यात होतं. त्यांच्या नव्या लेखाचा तो पहिलावहिला हवाला. जुन्या हजारांपेक्षा तो एक बाईंना जड वाटला. त्यांनी तडक फोन केला आणि म्हणाल्या, आता गाव बघायला या, नुसतंच लांबून भांडलात.

इचासो आले. उंच, किडकिडीत, एवढ्या उन्हात कोट घातलेले. बासिलियानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बाईंना मोठ्यानं विचारलं, “हाच का गं तो भांडकुदळ?” इचासो लाजले. मग त्यांना चिचा मिळाली, मका मिळाला, चटणी मिळाली. चटणीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा परसात जमलेल्या बायका तृप्त झाल्या. लेखकिणी त्या, पाहुण्याची परीक्षा घ्यायचा त्यांना हक्कच होता. जगातल्या छापील कागदावर आपलं नाव आहे हे तेओदोसियानं एव्हाना तिन्ही शेजारच्या गावांत सांगून टाकलं होतं.

निघायची वेळ झाली. बासिलिया खुराड्याकडे गेली आणि एक धष्टपुष्ट तांबडी कोंबडी पाय बांधून घेऊन आली. ती तिनं इचासोंच्या हातात दिली. मग शालीआडून काडेपेटी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. निळ्या टिकलीची.

बाईंनी ती कानाशी हलवली. आवाज नाही. उघडून बघितली तर आत काही नव्हतं.

“सगळं खुराडं उपसलं,” बासिलिया म्हणाली. “फवारल्यापासून तीनदा उपसलं. एक नाही मिळाली.”

बाई रिकाम्या पेटीत बघत राहिल्या. इचासो मात्र फडफडणारी कोंबडी अंगापासून लांब धरून कुरकुरले, की हा कुठला न्याय, माझ्या हातात कोंबडी आणि बाईंच्या हातात रिकामी पेटी?

“तुम्ही पाहुणे,” बासिलिया म्हणाली. “पाहुण्याला रिकामं धाडत नाहीत. ती माझी कोमाद्रे आहे.”

आणि या खेपेला, पेटी लाल नसतानाही, बाईंनी तिला मिठी मारली. पेटी त्यांनी मिटली आणि रुमालात बांधली. मिनीबस आली तेव्हा इचासोंना कोंबडी सांभाळता येईना, म्हणून शहर येईस्तोवर ती बाईंनीच मांडीवर घेतली.